थँक्सगिव्हिंगची चित्रपुस्तकं कशी निवडावीत: आधी जेवायला बसलेली माणसं मोजा

ऑक्टोबर उजाडला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, "मुलांना वाचून दाखवायला थँक्सगिव्हिंगची पुस्तकं सुचवा ना." पाच मिनिटांत दुसरं कोणीतरी पन्नास पुस्तकांची यादी चिकटवून मोकळं होतं. त्यातली चाळीस त्या व्यक्तीने उघडूनही पाहिलेली नसतात, पैज लावून सांगते. मुखपृष्ठावर टर्की (या सणाला भाजून खातात तो कोंबडीसारखा मोठा पक्षी) आहे, मागे लाल-पिवळी पानं आहेत, झालं काम. मी इथे न्यू जर्सीत तेरा वर्षं मुलांना पुस्तकं वाचून दाखवते आहे. आधी मुलीच्या प्रीस्कूलमध्ये, मग मुलाच्या, आता रविवारच्या मराठी शाळेत. थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी गोतावळ्याने एकत्र जेवून आभार मानायचा अमेरिकी सण. त्याच्या पुस्तकांनी मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं होतं, म्हणून हे सविस्तर लिहिते.

पहिली पायरी: ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लायब्ररीत होल्ड टाका, म्हणजे पुस्तकं आधीच राखून ठेवायला सांगा. नोव्हेंबरात गेलात तर त्या शेल्फवर फक्त पाककृती उरलेल्या असतात. गोष्टीची पुस्तकं बहुतेक ठिकाणी सणांच्या वेगळ्या कप्प्यात असतात, माहितीची पुस्तकं बालविभागात ३९४.२६४९ या क्रमांकाला.

दुसरी पायरी: पंधरा आणा, चार ठेवा. विकत काहीही घेऊ नका, निदान पहिल्या वर्षी तरी.

तिसरी पायरी: जमिनीवर बसा आणि तीन ढीग करा. घरच्या जेवणाचे, गोतावळ्याचे आणि 'थँक यू'चे एकीकडे. टर्कीचे दुसरीकडे. सन १६२१ चे, म्हणजे पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणतात त्या जेवणाचे, तिसरीकडे: जहाजातून आलेले इंग्रज वसाहतकरी, म्हणजे पिलग्रिम, आणि त्यांच्याबरोबर जेवणारे मूळनिवासी.

पहिला ढीग सोपा. सूर्या तुझे आभार, चंद्रा तुझे आभार, आई तुझे आभार, अशी नुसती जंत्री असेल तर सहाव्या पानावर मूल तुमच्या मांडीवरून घसरायला लागतं. ज्यात काहीतरी बिघडतं (ओव्हनमधला 'पाय', म्हणजे pie, जळतो, विमान चुकतं, आत्या नको तो पदार्थ घेऊन येते) तेच ठेवा.

दुसरा ढीग टर्कीचा. यातली निम्मी पुस्तकं टर्की ताटात जायच्या आधी पळून कशी जाते याची असतात आणि मुलं हसून हसून लोळतात. शाकाहारी घरात ती अगदी बिनधोक वाटतात. वाटतात म्हटलं मी. माझा मुलगा चार वर्षांचा असताना आम्ही असं एक पुस्तक आठवडाभर रोज वाचलं. गुरुवारी शेजाऱ्यांकडे जेवायला गेलो, यजमानांनी ओव्हनमधून टर्की बाहेर काढली आणि याने खणखणीत आवाजात विचारलं, "ही तीच का?" तेव्हा कोणाकडे जेवायला जाणार असाल तर तो ढीग शुक्रवारपासून वाचा.

आता तिसरा ढीग. बाकी सगळं पंधरा मिनिटांचं काम आहे, याला एक पूर्ण संध्याकाळ ठेवा.

पहिल्या वर्षी मी काय केलं ते सांगते. छान रंगीत पुस्तक होतं, चित्रं मोठी, मजकूर थोडा. काळ्या कपड्यांतले पिलग्रिम, डोक्याला पिसं लावलेले 'इंडियन्स', मध्ये भलीमोठी टर्की. सोळा मुलांसमोर मी ते हातवारे करून वाचलं. निम्म्यात माझ्या मुलीने हात वर केला आणि सगळ्यांना अभिमानाने सांगितलं, "माझी आई इंडियन आहे!" लगेच पुढच्या रांगेतल्या एकाने विचारलं, "मग हिची पिसं कुठं आहेत?" दुसऱ्याने तोंडावर हात थापटत आरोळी ठोकली. मी हसले. बाईही हसल्या. घरी येऊन मुलीने कागदाच्या पिसांचा पट्टा केला, डोक्याला बांधला आणि व्हिडिओ कॉलवर साताऱ्याच्या आजोबांना दाखवला. आजोबा म्हणाले, "हे कोण गं?" ती म्हणाली, "आपण!"

कोलंबसच्या एका चुकीमुळे एक नाव दोन लोकांना चिकटलं, हे चार वर्षांच्या मुलीला समजावताना माझी जी तारांबळ उडाली, ती मी विसरलेले नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत हा घोळ इतर कोणाहीपेक्षा जास्त होतो. म्हणून माझा पहिला नियम: पुस्तकात नुसतं 'इंडियन्स' लिहिलेलं असेल आणि त्या लोकांचं स्वतःचं नाव कुठेच नसेल, तर ते परत. त्यांचं नाव आहे वाम्पनोआग. सगळ्या पुस्तकात ते एकदाही येत नसेल, तर लिहिणाऱ्याने पाच मिनिटंही शोधाशोध केलेली नाही.

चाळताना मजकूर वाचूच नका, आधी चित्रं बघा. मूल तेच करणार आहे.

माणसं मोजा. ही माझी सगळ्यात भरवशाची चाचणी. त्या जेवणाचं वर्णन एडवर्ड विन्स्लो या वसाहतकऱ्याने त्याच वर्षी पत्रात लिहून ठेवलं आहे. मेफ्लॉवर जहाजातून १६२० मध्ये १०२ प्रवासी आले होते. पहिल्या हिवाळ्यात निम्मे गेले, उरले पन्नासच्या आसपास. आणि आपला प्रमुख उसामेक्विन याच्याबरोबर वाम्पनोआग आले होते सुमारे नव्वद. त्यांनी पाच हरणं आणली आणि तीन दिवस खाणंपिणं चाललं. (टर्कीचं नाव त्या पत्रात नाही, नुसते 'पक्षी' आहेत. मुलांना हे सांगितलं की फार आवडतं.) म्हणजे चित्रात इंग्रजांच्या जवळपास दुप्पट वाम्पनोआग दिसायला हवेत. वीस पिलग्रिम टेबलाशी ऐसपैस बसलेत आणि दोन 'पाहुणे' कडेला मक्याची टोपली घेऊन उभे आहेत, असं चित्र असेल तर मिटा. पाहुणे कोण होते तिथे?

मग डोकी बघा. पाठीपर्यंत लोंबणारा पिसांचा मुकुट हा अमेरिकेच्या मधल्या भागातल्या गवताळ मैदानांवरच्या लोकांचा. वाम्पनोआग पूर्व किनाऱ्यावरचे. त्यांच्या डोक्यावर तो मुकुट म्हणजे कोळ्याच्या डोक्याला राजस्थानी साफा बांधण्यासारखं. मागे शंकूच्या आकाराचे तंबू काढले असतील तर तीच गत. वाम्पनोआगांचं घर, वेटू, घुमटासारखं असे: वाकवलेल्या कोवळ्या खोडांचा सांगाडा, त्यावर झाडाची साल किंवा लव्हाळ्याच्या चटया. पिलग्रिमांच्या टोपीवरची बक्कलसुद्धा नंतरच्या चित्रकारांची देणगी. पण नुसत्या बकलेसाठी मी पुस्तक परत करत नाही. तेवढी कर्मठ नाही मी.

चित्रं पास झाली की मजकूर. इथे दोनच जागा तपासा.

एक, टिस्क्वांटम. पुस्तकात बहुधा 'स्क्वांटो' असतो. तो इंग्रजांना मका पेरायला शिकवतो आणि 'नशिबाने त्याला इंग्रजी येत होतं.' नशिबाने! १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून नेऊन स्पेनमध्ये विकायला काढलं. तिथून तो इंग्लंडला पोचला, १६१९ मध्ये परत आला, तेव्हा साथीच्या रोगाने त्याचं अख्खं गाव, पटुक्सेट, ओस पडलं होतं. पिलग्रिमांनी वस्ती केली ती त्याच जागेवर. चार वर्षांच्या पोराला हे सगळं ऐकवा असं मी म्हणत नाही. पण न सांगणं वेगळं आणि 'नशिबाने' म्हणणं वेगळं.

दोन, शेवटचं पान. 'आणि ते कायमचे मित्र झाले' असं असेल तर नको. १६७५ मध्ये त्याच उसामेक्विनच्या मुलाशी, मेटाकॉमशी, इंग्रजांचं युद्ध पेटलं. वाम्पनोआगांबद्दल सगळं 'होते, राहायचे, करायचे' असंच लिहिलेलं असेल तरीही नको. मॅशपी आणि अक्विना इथले वाम्पनोआग आजही मॅसॅच्युसेट्समध्येच राहतात. १९७० पासून दर थँक्सगिव्हिंगला प्लिमथमध्ये (पिलग्रिमांची वस्ती तिथलीच) मूळनिवासी शोकदिन पाळतात. तो मुलांना सांगायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण तुम्हाला माहीत असू दे.

यावर मला ठरलेले तीन सल्ले मिळतात. "लहान आहेत गं, त्यांना कुठला इतिहास कळतोय." इतिहास नाही कळत, चित्र मात्र जन्मभर लक्षात राहतं. साताऱ्याला विचारा. दुसरा, "वाचताना शब्द बदलून घ्यायचे." हे मी दोन वर्षं केलं, पानावर 'इंडियन्स' असेल तिथे मोठ्याने 'वाम्पनोआग' वाचलं. तिसऱ्या वर्षी मुलगी स्वतः वाचायला शिकली आणि म्हणाली, "आई, असं नाही लिहिलेलं इथे." शिवाय चित्रातला मुकुट काही तोंडाने बदलता येत नाही. तिसरा सल्ला, "तो विषयच टाळायचा." हा निम्मा बरोबर आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी मी खुशाल टाळते, पहिल्या ढिगावर भागवते. सहाच्या पुढे शाळा ती गोष्ट सांगणारच आहे. मग आधी घरी नीट सांगितलेली बरी.

नीट कुठे मिळेल? पुस्तकाच्या शेवटी लेखकाची टीप असते, ती सगळ्यात आधी वाचा. लिहिणारा त्या लोकांपैकी आहे का, निदान त्यांच्याशी बोलला आहे का, ते तिथे कळतं. मी हल्ली शाळेत 'कीपुनुमक' नेते. २०२२ मध्ये आलं, लिहिणाऱ्यांत मॅशपी वाम्पनोआग आहेत, आणि त्यात नवख्या माणसांना मदत करायची की नाही हे ठरवण्यात मक्याचाच पुढाकार आहे. मका बोलतो म्हटल्यावर मुलांना आणखी काय पाहिजे! लहानांसाठी ट्रेसी सोरेल यांचं २०१८ मधलं 'वी आर ग्रेटफुल'. ते खरं तर थँक्सगिव्हिंगचं नाहीच. चेरोकी हे मूळनिवासी लोक वर्षभर, प्रत्येक ऋतूत कशाकशाबद्दल कृतज्ञ असतात त्याचं आहे. पण चेरोकी वेगळे आणि वाम्पनोआग वेगळे, ही खिचडी तुम्हीही करू नका. दोन्हींत अनोळखी शब्द आहेत. उच्चार आधी शोधा आणि देवनागरीत चिठ्ठीवर लिहून पानाला चिकटवा. 'ओजालीहेलीगा' (चेरोकीत 'आम्ही कृतज्ञ आहोत') आपल्या लिपीत कसं सरळ वाचता येतं बघा, रोमनमध्ये जीभ अडखळते.

सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी आणखी एक वाट आहे, सेरा हेलची. मेरी आणि तिच्या कोकराचं गाणं लिहिणारी हीच बाई. थँक्सगिव्हिंग साऱ्या देशाचा सण व्हावा म्हणून तिने वर्षानुवर्षं पत्रं लिहिली आणि शेवटी १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, लिंकनने ऐकलं. एवढा चिवटपणा मुलांना पटतो. तीही तेच करतात आपल्याशी.

आणि पुस्तक कितीही चांगलं असो, नंतर कागदी पिसांचे पट्टे करायला बसवू नका. कोणी शिक्षिका आग्रह करायला लागली तर मका रंगवायला द्या.

चौथी पायरी: उरलेलं प्रत्येक पुस्तक स्वयंपाकघरात उभं राहून एकदा मोठ्याने वाचा. चित्रपुस्तक बहुधा बत्तीस पानी असतं, पण कोणी त्यात चारशे शब्द घालतो, कोणी पंधराशे. तीन वर्षांच्या मुलाला सहा मिनिटं पुरे. यमकाच्या पुस्तकात दोनदा ठेच लागली तर बाजूला ठेवा, वर्गात चारदा लागेल.

पाचवी: वर्गात वाचायचं असेल तर चित्र खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसतं का बघा.

शेवटचा मुद्दा, मुलांना मराठीत वाचून दाखवणाऱ्यांसाठी. आजी-आजोबा आलेले असले की मी वाचता वाचता मराठी करत जाते आणि दर वेळी 'थँकफुल'पाशी अडते. घरच्यांचे आभार मानायची आपली रीतच नाही. 'मी आजीची आभारी आहे' म्हटलं की सत्कार समारंभ चालू झाल्यासारखं वाटतं. मग मी 'बरं झालं' वापरायला लागले. बरं झालं आजी आली. बरं झालं भोपळा पिकला. तीन वर्षांचं पोरही लगेच जोडीला येतं. आमच्याकडे आता गुरुवारी जेवताना प्रत्येकाने एकेक 'बरं झालं' सांगायचं असतं. मागच्या वर्षी आजोबा होते. म्हणाले, "बरं झालं, ती पिसं काढलीत."