परकीय चलनाच्या व्यवहारासाठी ऑनलाइन ब्रोकर निवडताना काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

परकीय चलनाचे ब्रोकर शोधायला बसलेला माणूस बहुधा दलालीच्या तक्त्यापासून सुरुवात करतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आपले पैसे कोणत्या देशाच्या कायद्याखाली, कोणाच्या ताब्यात राहणार आणि आपल्या गरजेला तो कायदा मुभा देतो का, हे आधी पाहावे. दलालीचा तक्ता त्यानंतर उघडावा. भारतात राहणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत तर या पहिल्या प्रश्नावरच बहुसंख्य पर्याय गळून पडतात.

भारतातील रहिवाशाला परकीय चलनाचे व्यवहार 1999 च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार, म्हणजे फेमानुसार, अधिकृत व्यक्तींशी आणि परवानगी असलेल्या कारणांसाठीच करता येतात. ते ऑनलाइन करायचे असतील, तर रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेले इलेक्ट्रॉनिक मंच किंवा एनएसई, बीएसई आणि मेट्रोपॉलिटन स्टॉक एक्स्चेंज हे मान्यताप्राप्त शेअर बाजार, एवढेच मार्ग खुले आहेत. परदेशी संकेतस्थळावर खाते उघडून तिथे मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवावी लागणारी अनामत रक्कम, भरणे उदारीकृत प्रेषण योजनेतही बसत नाही. वर्षाला अडीच लाख डॉलर परदेशी पाठवण्याची मुभा आहे, म्हणून त्यातून हे पैसेही पाठवता येतील, असा अनेकांचा समज असतो. परंतु परदेशी बाजारातील मार्जिनसाठी रक्कम पाठवणे या योजनेने स्पष्टपणे वगळले आहे. उल्लंघन झाल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2022 मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला आणि 7 सप्टेंबर 2022 रोजी अनधिकृत मंचांची सतर्कता यादी प्रसिद्ध केली. पहिल्या यादीत 34 नावे होती. पुढे ती वाढत गेली. ही यादी अवश्य पाहावी, पण ती संपूर्ण नाही, हे रिझर्व्ह बँकेनेच सांगितले आहे. त्यामुळे एखाद्या मंचाचे नाव तिच्यात सापडले नाही, एवढ्यावरून तो अधिकृत ठरत नाही. अधिकृत मंचांची यादी वेगळी असते आणि खातरजमा त्या यादीवरूनच करावी.

असा अनधिकृत मंच जवळून कसा दिसतो, हे मी परिचयातील एका निवृत्त शिक्षकांच्या फोनवर पाहिले आहे. ॲपमध्ये हिरव्या आकड्यांत डॉलरमधला नफा झळकत होता. पैसे भरण्यासाठी दिलेला यूपीआय आयडी मात्र दर वेळी वेगळ्याच व्यक्तीच्या नावाचा होता. एकदा तर तो एका किराणा दुकानाचा निघाला. पैसे काढण्याची विनंती केली, तेव्हा आधी ‘कर’ म्हणून आणखी रक्कम भरा, असा संदेश आला. एकास पाचशेचे लिव्हरेज (म्हणजे भरलेल्या रकमेच्या पाचशे पट सौदा करण्याची मुभा), टेलिग्रामवरचा ‘खाते व्यवस्थापक’, स्वतःच्या खात्यातले पैसे काढण्यासाठी पुन्हा पैशांची मागणी, यांपैकी एकही गोष्ट दिसली, तर तुलना तिथेच थांबवावी. सेबीने अलीकडे नोंदणीकृत दलालांसाठी ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेले यूपीआय आयडी सुरू केले आहेत, त्यामुळे पैसे कोणाकडे जात आहेत हे ताडून पाहणे आता बरेच सोपे झाले आहे.

आपली गरज या चौकटीत बसते का?

भारतात चलन-वायद्यांचे, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवणाऱ्या करारांचे, सौदे ऑगस्ट 2008 मध्ये एनएसईवर डॉलर-रुपयापासून सुरू झाले. पुढे युरो, पौंड आणि येन आले. बरीच वर्षे अनेकांनी हे सौदे निव्वळ अंदाजावर केले. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2024 च्या परिपत्रकाने, जे 3 मे 2024 पासून लागू झाले, स्पष्ट केले की रुपयाशी निगडित चलन-सौदे प्रत्यक्ष करारातून उद्भवलेल्या जोखमीचे हेजिंग करण्यासाठीच, म्हणजे तिच्यापासून संरक्षण घेण्यासाठीच, आहेत. 10 कोटी डॉलरपर्यंतच्या सौद्यांसाठी कागदपत्रे आधी सादर करावी लागत नाहीत. पण मूळ व्यवहार अस्तित्वात असलाच पाहिजे आणि विचारणा झाल्यास तो दाखवता आला पाहिजे. त्या सुमारास अनेक दलालांनी ग्राहकांकडून असा मूळ व्यवहार असल्याची घोषणापत्रे मागवली, अनेकांना सौदे बंद करायला सांगितले, आणि बाजारातील उलाढाल झपाट्याने घटली. म्हणून दलालाला पहिला फोन करताना हेच विचारावे: चलन विभाग नव्या ग्राहकांसाठी सुरू आहे का आणि घोषणापत्र कोणत्या नमुन्यात द्यावे लागते? ‘त्याची काही गरज नाही, आम्ही बघून घेतो,’ असे उत्तर मिळाले, तर तो दलाल सोडून द्यावा, कारण घोषणापत्राची जबाबदारी अखेर ग्राहकावरच येते.

दलालाचा सेबी नोंदणी क्रमांक ‘आयएनझेड’ या अक्षरांनी सुरू होतो. तो दलालाच्या जाहिरातीवरून न घेता सेबीच्या संकेतस्थळावर नावाने शोधावा, आणि तिथे नोंदलेला पत्ता व ईमेल आपल्याशी बोलणाऱ्यांच्या पत्त्याशी जुळतो का, ते पाहावे.

खर्चाची तुलना

समजा, सांगलीच्या एका हळद-निर्यातदाराला तीन महिन्यांनी 40,000 डॉलर मिळायचे आहेत आणि तोवर डॉलर उतरण्याची त्याला धास्ती आहे. डॉलर-रुपया वायद्याचा एक लॉट 1,000 डॉलरचा असतो, म्हणजे त्याला 40 लॉट विकावे लागतील. एक दलाल प्रत्येक ऑर्डरमागे सरसकट 20 रुपये घेतो, दुसरा लॉटमागे 8 रुपये. पहिल्याकडे विक्री आणि नंतरची खरेदी धरून 40 रुपये होतात, दुसऱ्याकडे 640. त्यावर 18 टक्के जीएसटी. बाजाराचे शुल्क, सेबीचे शुल्क आणि मुद्रांक शुल्क दोन्हीकडे सारखेच, आणि चलन-सौद्यांवर सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स लागत नाही.

पण हिशेब इथे संपत नाही. या वायद्यात भाव कमीत कमी 0.0025 रुपयाने, म्हणजे पाव पैशाने, सरकतो. एका लॉटवर त्याचे अडीच रुपये आणि 40 लॉटवर 100 रुपये होतात. खरेदी आणि विक्रीच्या भावांत सव्वा पैशाचे अंतर असेल, तर तेवढ्यातच 500 रुपये जातात, म्हणजे दोन दलालांतील जवळजवळ सगळा फरक भरून निघतो. चालू महिन्याच्या डॉलर वायद्यात हे अंतर कमी असते, पुढच्या महिन्यांत वाढत जाते, आणि नाशिकहून नेदरलँड्सला द्राक्षे पाठवून युरोत बिल करणाऱ्याला तर ते अधिकच जाणवते. म्हणून दलाल एकाच बाजारात सौदे करू देतो की एकाहून अधिक, ॲपवर दोन्ही बाजूंच्या पाच-पाच भावांची रांग दिसते का, आणि मर्यादित भावाची (आपण ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच होणारी) ऑर्डर सहज टाकता येते का, या गोष्टींना दलालीइतकेच वजन द्यावे.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा मार्जिनचा आहे. वायद्याचा हिशेब रोजच्या रोज होतो. आपल्या निर्यातदाराने वायदा विकल्यानंतर डॉलर एका रुपयाने वधारला, तर त्याच्या खात्यातून 40,000 रुपये वजा होतील. हळदीच्या बिलावर त्याला तेवढाच जास्त भाव मिळणार असतो, पण तो तीन महिन्यांनी; इथले पैसे मात्र लगेच भरावे लागतात. ते वेळेत भरले नाहीत, तर दलाल सौदा तोडू शकतो आणि ज्या संरक्षणासाठी एवढा खटाटोप केला, तेच ऐन वेळी निघून जाते. म्हणून प्रत्येक दलालाकडून लेखी विचारून घ्यावे की तुटीची सूचना कशी आणि किती वाजता येते, भरण्यास मुदत किती, उशीर झाल्यास वार्षिक व्याज किती, आणि डिमॅटमधील रोखे तारण ठेवून मार्जिन मिळते का व त्यासाठी काय शुल्क आहे. रोजची ही ओढाताण ज्याला झेपणार नाही, त्याने आपल्या बँकेकडून फॉरवर्ड कराराचा, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव थेट बँकेशी आजच ठरवण्याच्या कराराचा, भाव मागवून शेजारी ठेवावा. तो थोडा महाग दिसेल, पण तिथे असा दैनंदिन भरणा सहसा नसतो.

वायद्याचा निकाल रुपयांतच लागतो, प्रत्यक्ष डॉलर बँकेतच मोडावे लागतात, हेही विसरू नये. तिथे बँकेने भावात दहा-वीस पैसे जास्त कापले, तर 40,000 डॉलरवर चार ते आठ हजार रुपये जातात. यासाठी क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या एफएक्स-रिटेल या मंचाची माहिती बँकेकडे मागावी. ऑगस्ट 2019 पासून तो छोट्या ग्राहकांसाठी खुला आहे.

परदेशात राहणाऱ्यांसाठी

लंडन, न्यू जर्सी किंवा सिडनीत स्थायिक झालेल्या आणि तिथल्याच कमाईतून व्यवहार करणाऱ्या मराठी वाचकांना तिथला कायदा लागू होतो. एकाच नावाच्या ब्रोकरची एक कंपनी लंडनमध्ये, दुसरी सायप्रसमध्ये आणि तिसरी सेशेल्समध्ये असू शकते. संकेतस्थळाच्या तळाशी असलेल्या बारीक मजकुरात आपला करार नेमका कोणत्या कंपनीशी होतो आहे ते शोधावे, आणि ब्रिटनमध्ये एफसीए या नियामकाच्या, तर अमेरिकेत एनएफए या नियामक संस्थेच्या नोंदवहीत तेच नाव पाहावे. प्रमुख चलनजोड्यांसाठी ब्रिटन आणि युरोपीय संघात लिव्हरेज 30 पटींपर्यंत, तर अमेरिकेत 50 पटींपर्यंत मर्यादित आहे. त्याहून कितीतरी अधिक देऊ करणारी कंपनी बहुधा त्या नियामकाच्या कक्षेबाहेरची असते.

खात्यातील शिल्लक शून्याखाली जाणार नाही, ही हमी करारात आहे का, तेही वाचावे. 15 जानेवारी 2015 रोजी स्विस राष्ट्रीय बँकेने युरोमागे 1.20 फ्रँकची मर्यादा अचानक उठवली, तेव्हा असंख्य ग्राहकांची खाती काही मिनिटांत उणे झाली आणि अल्पारी या ब्रोकरची ब्रिटनमधील कंपनी दिवाळखोरीत गेली. 2018 नंतर युरोपात किरकोळ ग्राहकांसाठी ही हमी सक्तीची झाली. अमेरिकेत तशी सक्ती नाही.

खाते निश्चित करण्यापूर्वी

दोन दलाल शेवटपर्यंत तुल्यबळ वाटले, तर दोन्हीकडे थोडी रक्कम भरावी आणि आपल्या खऱ्या व्यवहाराचा एक लॉटचा भाग दोन्हीकडे करून पाहावा. त्याच संध्याकाळी येणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरील (सौद्याच्या तपशिलाच्या पावतीवरील) दलाली, बाजाराचे शुल्क, जीएसटी आणि मुद्रांक शुल्क हे चारही आकडे आपल्या कागदावरच्या हिशेबाशी ताडून पाहावेत, आणि फरक आढळल्यास ग्राहक सेवेला ईमेल करून उत्तर किती दिवसांत येते ते टिपून ठेवावे. समाधानकारक उत्तर आले नाही, तर सेबीच्या स्कोअर्स प्रणालीवर तक्रार करता येते. सौदा मिटला की उरलेली रक्कम बँक खात्यात परत मागवावी. ती ज्याच्याकडून विनाविलंब आणि पूर्ण येईल, त्याच्याकडे उरलेले सगळे लॉट न्यावेत.