एका रिपोर्टवर विसंबू नका: थायरॉइड, वयात येणं आणि हार्मोनचे आजार यांतल्या या चुका टाळा

"गोळी रोज घेते, एक दिवस चुकत नाही, तरी टीएसएच वाढलेलाच येतो." थायरॉइडच्या रुग्णांची ही नेहमीची तक्रार, आणि एके काळी माझीही. (टीएसएच म्हणजे थायरॉइडचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ताची तपासणी.) थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड कमी पडली की घ्यायची हार्मोनची गोळी, सुरू होऊन मला आता १४ वर्षं झाली. त्यातली पहिली दोन वर्षं डोस नुसता वाढत गेला. मग एका डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, "गोळीबरोबर आणखी काय घेता?" विसरायला नको म्हणून मी कॅल्शियमची गोळीही त्याच घोटात गिळत होते. कॅल्शियम रात्रीवर ढकललं आणि दोन महिन्यांनी थायरॉक्सिनचा डोस चक्क कमी करावा लागला.

त्यानंतर मी या विषयावर जे जे हाती लागेल ते वाचत आले आणि ओळखीपाळखीच्या अनेकांचे रिपोर्ट त्यांच्यासोबत बसून समजून घेतले. एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. हार्मोन दिवसाच्या तासाप्रमाणे, आठवड्यांप्रमाणे, वयाप्रमाणे बदलतात, आणि आपण मात्र एका दिवसाचा एक आकडा धरून बसतो. पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

गोळी घेताना

कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीवरची काही औषधं पोटात थायरॉक्सिनला चिकटतात आणि ते रक्तात पुरेसं उतरतच नाही. या गोळ्या आणि थायरॉक्सिन यांत ४ तासांचं अंतर हवं. थायरॉक्सिन उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावं आणि त्यानंतर ३० ते ६० मिनिटं काही खाऊ-पिऊ नये. कॉफीसुद्धा नाही, कारण तिनेही शोषण कमी होतं. सकाळी हे जमतच नसेल, तर शेवटच्या जेवणानंतर किमान ३ तासांनी, झोपताना घेतली तरी चालते. मात्र जी वेळ ठरवाल ती रोज तीच ठेवा. आज सकाळी, उद्या रात्री असं केलं तर डोस कधीच बसत नाही.

गोळ्या उन्हात, गाडीत किंवा शेगडीजवळच्या फळीवर ठेवू नका. उष्णता, ओल आणि उजेड यांनी हे औषध खराब होतं. आठवड्याच्या गोळ्या सुट्या करून ठेवण्यापेक्षा त्या पाकिटातच राहू द्या. कंपनी बदलली तर ६ ते ८ आठवड्यांनी तपासणी करून घ्या.

एक दिवस गोळी राहिली तर घाबरू नका. थायरॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ७ दिवस लागतात. पण याच गुणाची एक उलटी बाजू आहे. महिनाभर गोळ्या चुकवायच्या आणि तपासणीच्या आधीचा आठवडा नेमाने घ्यायच्या, असं अनेकजण करतात. मग रिपोर्टमध्ये टी४ (रक्तातलं थायरॉक्सिन) चांगला दिसतो आणि टीएसएच मात्र चढलेला, कारण तो आठवड्यात खाली येत नाही. डॉक्टरांना यातला प्रकार लक्षात येतो, पण न सांगता लपवलंत तर डोस विनाकारण वाढायची भीती असते. चुकतात तर चुकतात म्हणून सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

रिपोर्ट वाचताना

टीएसएच हा थायरॉइडचा हार्मोन नाहीच. तो मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीतून, म्हणजे पिट्युटरीतून येतो. थायरॉइड कमी काम करू लागली की पिट्युटरी जोरात हाका मारते आणि टीएसएच वाढतो. थायरॉइड अति काम करू लागली की हाका थांबतात आणि तो जवळजवळ शून्यावर येतो. त्यामुळे "टीएसएच कमी आलाय, गोळी वाढवते" हा घरच्या घरी काढलेला निष्कर्ष नेमका उलटा आहे. त्या गोळीने छातीत धडधड, हाडांची झीज आणि उतारवयात हृदयाचे अनियमित ठोके असे त्रास होऊ शकतात.

डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत रक्त तपासू नका. नवा डोस टीएसएचमध्ये खरा दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात. आधी तपासलं तर अर्धवट आकडा येतो, डोस पुन्हा बदलतो आणि झोका सुरूच राहतो. टीएसएच रात्री उशिरा सर्वांत जास्त आणि दुपारी कमी असतो, म्हणून दरवेळी साधारण त्याच वेळेला रक्त द्या. फ्री टी४, म्हणजे रक्तातला मोकळा टी४, तपासायचा असेल तर त्या दिवसाची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या, कारण गोळीनंतर काही तास तो वर जातो.

आता बायोटिन या जीवनसत्त्वाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ही चूक रुग्णाच्याच काय, कधी कधी तपासणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. थायरॉइड कमी असलं की केस गळतात, केस गळतात म्हणून लोक केसांच्या गोळ्या घेतात, आणि त्यांत बायोटिन भरपूर असतं. शरीराला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम पुरतं. या गोळ्यांत ५ किंवा १० मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या शेकडो पट असू शकतं. बऱ्याच लॅबमधल्या हार्मोनच्या चाचण्या बायोटिनच्याच चिकटण्याच्या गुणावर चालतात. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटाच कमी आणि टी३ (थायरॉइडचा दुसरा हार्मोन), टी४ खोटेच जास्त येतात. हुबेहूब थायरॉइड वाढल्याचं चित्र! तपासणीआधी निदान २ दिवस या गोळ्या बंद ठेवा, डोस फार मोठा असेल तर आणखी आधीपासून, आणि लॅबमध्ये तसं सांगा.

टीएसएच ५ ते १० च्या दरम्यान आणि टी४ व्यवस्थित, असा रिपोर्ट आला की लगेच आयुष्यभराची गोळी सुरू झालीच पाहिजे असं नाही. मोठ्या आजारातून उठताना टीएसएच काही काळ वर जातो. बहुतेकदा २-३ महिन्यांनी पुन्हा तपासून मग ठरवतात. वयाबरोबर तो थोडा वाढतोच. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांना अशा किंचित वाढीसाठी थायरॉक्सिन किंवा औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी दिली. थकवा आणि इतर लक्षणांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. गरोदर स्त्रिया आणि मूल हवं असलेली जोडपी यांची गोष्ट मात्र वेगळी.

दिवस राहिल्यावर गोळी थांबवणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक, आणि ती काळजीपोटीच होते. "पोटात बाळ आहे, औषधं नकोत." पण बाळाची थायरॉइड सुमारे १२ आठवड्यांपर्यंत हार्मोन बनवायला लागलेली नसते. तोवर त्याच्या मेंदूला लागणारं थायरॉक्सिन सगळं आईकडून जातं. म्हणून आधीपासून गोळी चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच डोस साधारण २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो. आठवड्याला दोन गोळ्या जास्त, असा त्याचा सोपा हिशोब डॉक्टर अनेकदा आधीच सांगून ठेवतात. तुम्हाला सांगितला नसेल तर मूल होऊ देण्याचा विचार सुरू करतानाच विचारा.

थायरॉइड अति काम करत असलेल्या स्त्रियांना दुसरीच सूचना. थायरॉइडचं काम कमी करणारं कार्बिमेझोल चालू असेल तर गर्भधारणेचा बेत डॉक्टरांना आधी सांगायचा, कारण पहिल्या तीन महिन्यांत त्या औषधाने बाळात व्यंग येण्याचा धोका असतो आणि औषध बदलावं लागू शकतं. कार्बिमेझोल घेणाऱ्या कुणालाही ताप आणि घसादुखी झाली, तर साधी सर्दी समजून घरी बसू नये. औषध थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात. क्वचित या औषधाने त्या एकदम घटतात.

आणि बाळ जन्मल्यावर टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन होणारी थायरॉइडची तपासणी टाळू नका. सुमारे २००० ते ४००० बाळांत एकाला जन्मजात थायरॉइडची कमतरता असते आणि ते बाळ पहिल्या आठवड्यांत अगदी छान दिसतं. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर मेंदूची वाढ नीट होते. लक्षणं दिसेपर्यंत थांबलं तर गेलेले दिवस परत येत नाहीत.

मुलगी "मोठी होण्याचं" वय पाळीवरून मोजणं

पाळी हा वयात येण्याचा जवळजवळ शेवटचा टप्पा आहे. मुलींत सुरुवात होते ती छातीवर लहानशी गाठ येण्याने, ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान. पाळी त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी येते आणि पाळीनंतर उंची साधारण ५ ते ७ सेंटिमीटरच वाढते. त्यामुळे "पाळी सुरू झाली, आता उंचीसाठी काही द्या" म्हणून येणारे आईवडील दोन-अडीच वर्षं उशिरा आलेले असतात. उंची वाढवणाऱ्या पावडरींवर खर्च करण्याआधी भिंतीवर दर सहा महिन्यांनी खूण करा. चार वर्षांच्या पुढे, वयात येईपर्यंत, मूल वर्षाला ५ सेंटिमीटरच्या आसपास वाढतं. वर्षभरात ४ च्या खाली राहिलं तर दाखवा, मग ते वर्गात बुटकं दिसत असो वा नसो.

८ वर्षांच्या आत मुलीची छाती वाढू लागली किंवा ९ च्या आत मुलाचे वृषण वाढू लागले, तर थांबू नका. अशी मुलं त्या काळात वर्गात सर्वांत उंच असतात, घरचे खूश होतात, आणि हाडांची टोकं लवकर जुळल्याने तीच मुलं पुढे ठेंगणी राहतात. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं. मुलींत बहुधा गंभीर कारण सापडत नाही. मुलग्यांत मात्र ते सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून तपास पूर्ण करावा. वयात येणं थोपवणारी इंजेक्शनं थांबवली की सगळं पुन्हा आपल्या क्रमाने सुरू होतं. "पुढे मूल होणार नाही" ही भीती निराधार आहे. नुसती काखेतली लव किंवा घामाचा वास लवकर आला, तर ते बहुधा वेगळ्या ग्रंथीचं काम असतं. तरी एकदा दाखवावं.

एक विनंती अगदी कळकळीने करते. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला एकाच बाजूला, निपलखाली दुखरी गाठ लागली, तर ती बहुतेक वेळा नुकताच उमलू लागलेला स्तन असतो. दुसरी बाजू काही महिन्यांनी येते. ती गाठ काढायची किंवा तिचा तुकडा घ्यायची घाई कुणालाही करू देऊ नका. तो अंकुर गेला तर त्या बाजूला स्तन वाढतच नाही.

मुलग्यांत सुरुवात मिशीने किंवा आवाजाने होत नाही, वृषणांच्या वाढीने होते, ९ ते १४ वर्षांत. ती कुणाला दिसत नाही, म्हणून मुलगे "मागे पडलेत" असं वाटतं. निम्म्याहून अधिक मुलग्यांना या काळात छातीवर थोडा फुगवटा येतो आणि सहा महिने ते दोन वर्षांत तो जातो. त्यावरून चिडवलं जाऊन पोहायला जाणं बंद केलेली मुलं मी पाहिली आहेत. त्याला आधीच सांगून ठेवा की हे होतं आणि जातं.

उशीर म्हणजे मुलीला १३ पर्यंत छाती नाही, १५ पर्यंत पाळी नाही. मुलाला १४ पर्यंत काहीच बदल नाही. अशा वेळी वडिलांना विचारा, ते कधी वाढले? अनेक घरांत उत्तर तिथेच मिळतं. मुलाला वास येतो का, हेही विचारा. वासाची जाणीव नसणं आणि वयात न येणं हे एकत्र असेल तर ती कॅलमन सिंड्रोमची खूण असू शकते. बुटकी आणि वयात न आलेली मुलगी असेल तर गुणसूत्रांची तपासणी व्हायला हवी. टर्नर सिंड्रोम, म्हणजे एक एक्स गुणसूत्र नसणं किंवा अपुरं असणं, सुमारे २००० ते २५०० मुलींत एकीला असतो.

पाळी आणि पीसीओएस

पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्ष ती कशीही येते. पुढची दोन वर्षं २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. याच वयात सोनोग्राफीत बीजांडावर फोड दिसले म्हणून पीसीओएसचा (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याच्या आजाराचा) शिक्का मारून घेऊ नका. पाळी सुरू झाल्यापासून ८ वर्षांपर्यंत त्या निदानासाठी सोनोग्राफी धरतच नाहीत. सलग ९० दिवस पाळी आली नाही, तर मात्र जा.

प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारा हार्मोन) वाढलेला आला तर आधी चालू औषधांची यादी काढा. उलटीवरच्या आणि मानसिक आजारांवरच्या काही गोळ्यांनी तो वाढतो, थायरॉइड कमी असल्यानेही वाढतो, सुई टोचताना घाबरल्यानेही थोडा वाढतो. मेंदूचा एमआरआय ही पहिली पायरी नव्हे.

जिथे वाट पाहायची नाही

थायरॉक्सिन सुरू केल्यावर बरं वाटण्याऐवजी उलट्या, चक्कर, वजन घटणं, त्वचा आणि हिरड्या काळवंडणं असं होऊ लागलं, तर सकाळी ८ च्या सुमाराचं कॉर्टिसॉल (ॲड्रिनल ग्रंथीचा हार्मोन) तपासा असं डॉक्टरांना सुचवा. मूत्रपिंडावरची ॲड्रिनल ग्रंथी आधीच कमी काम करत असेल तर थायरॉक्सिनने तिच्यावरचा भार वाढतो आणि रुग्ण कोसळू शकतो. अशा रुग्णाला कॉर्टिसॉलची गोळी आधी, थायरॉक्सिन नंतर.

स्टिरॉइड काही आठवडे घेतलं असेल तर ते कधीही एकदम बंद करू नका, मग ते दम्यासाठी असो, सांध्यांसाठी असो, की "लगेच आराम" देणाऱ्या नाव नसलेल्या पुडीतून नकळत गेलेलं असो. तोवर आपली ॲड्रिनल स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायचं थांबलेली असते. कायमचं स्टिरॉइड घेणाऱ्यांनी तापात डोस दुप्पट-तिप्पट कसा करायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं. तो कागद पाकिटात ठेवावा. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं. त्यासाठी रात्र असली तरी त्याच वेळी रुग्णालयात जायचं आणि दारातच तो कागद दाखवायचा.