शेअर्ड होस्टिंगवर व्हिडिओ चढवताना

सदाशिव पेठेतल्या आमच्या गाण्याच्या क्लासची वेबसाइट मी सांभाळते. पहिल्या वर्षी गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ थेट सर्व्हरवरच कन्व्हर्ट करायला घेतला आणि अर्ध्या तासात खातं बंद पडलं. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक वेबसाइट्स एकाच सर्व्हरवर असतात तिथे, प्रोसेसर सगळ्यांचा मिळून असतो, त्याच्यावर हे ओझं टाकूच नका.

कन्व्हर्जन घरच्या कॉम्प्युटरवर एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या मोफत प्रोग्रॅमने करा. चित्राचा फॉरमॅट एच.२६४, आवाजाचा एएसी, फाइलचा एमपी४. उंची ७२० पिक्सेल पुरते. सीआरएफ, म्हणजे चित्राचा दर्जा ठरवणारा आकडा, २३ ठेवा. आकडा वाढवला की फाइल लहान होते, पण तानपुऱ्यामागच्या गडद पडद्यावर चौकोन दिसायला लागतात. आवाजाला मात्र १९२ केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) द्याच. गाणं आहे, तिथे काटकसर नको.

आणि एफएफएमपेगचा ‘फास्टस्टार्ट’ हा पर्याय लावायला विसरू नका. एमपी४ची अनुक्रमणिका एरवी फाइलच्या शेवटी लिहिली जाते. ती पुढे आली की व्हिडिओ पटकन सुरू होतो.

फाइल एफटीपीने (सर्व्हरवर फाइल पाठवायची पद्धत) चढवा. मग प्लेअरमध्ये थेट द्रुत बंदिशीवर उडी मारून बघा. लगेच वाजली, तर सर्व्हर अख्खी फाइल न पाठवता हवा तेवढाच तुकडा पाठवतोय.

पानाच्या एचटीएमएलमधल्या व्हिडिओ टॅगमध्ये प्रीलोड ‘नन’ (आधीपासून काही उतरवू नको) ठेवा, म्हणजे पान नुसतं उघडणाऱ्यांवर बँडविड्थ जात नाही.