इलेव्हन प्लस डोळ्यासमोर ठेवून प्राथमिक शाळा निवडताना

भारतातून इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लाऊ-लँगलीकडे नवीन आलेल्या आईवडिलांचा एक प्रश्न हमखास असतो: मुलांना ग्रामर स्कूलला घालायचं तर प्रायमरीपासूनच प्रायव्हेट शाळा घ्यावी का? माझा मुलगा सरकारी प्रायमरीतून ग्रामरला गेला. मुलगी इयर थ्रीपासून प्रायव्हेट शाळेत आहे, पण तिथे तिला घातलं ते ग्रामरसाठी नव्हे. तीस मुलांच्या वर्गात ती दिवसदिवस तोंड उघडत नव्हती, म्हणून. दोन्ही बाजू पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय. केवळ ग्रामरसाठी रिसेप्शनपासून, म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलांच्या पहिल्या वर्गापासून, फी भरू नये. प्रायव्हेट शाळा घ्यायची तर तिची कारणं दुसरी असावीत, आणि ती घेण्याआधी तिथली मुलं पुढे कुठे जातात हे नीट खणून बघावं.

थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडमध्ये १६३ ग्रामर शाळा आहेत. त्या सरकारी आणि मोफत आहेत, प्रवेश मात्र ‘इलेव्हन प्लस’ नावाच्या परीक्षेवर. १९९८च्या कायद्याने नवीन ग्रामर शाळा काढायला बंदी आहे, त्यामुळे स्पर्धा कमी व्हायचं नाव नाही. स्लाऊमध्ये अशा चार शाळा आहेत. शेजारच्या बकिंगहॅमशरमध्ये (थोडक्यात बक्स) १३, आणि तिथे संपूर्ण काउंटीच या पद्धतीवर चालते. स्लाऊची परीक्षा वेगळी, बक्सची वेगळी. आपल्याकडची बरीच मुलं दोन्ही देतात. डिपेंडंट व्हिसावरच्या मुलांनाही सरकारी शाळा मोफत असते, हेही सांगते, कारण कित्येक जण त्या एका गैरसमजापोटी आल्या आल्या प्रायव्हेट शाळेचा फॉर्म भरतात.

परीक्षा इयर सिक्स सुरू होताच, सप्टेंबरमध्ये होते. मूल तेव्हा दहा वर्षांचं असतं. म्हणजे तयारी इयर फाइव्हच्या उन्हाळ्यापर्यंत उरकलेली हवी. शाळा बघायला गेलात की मोठ्या कौतुकाने इयर सिक्सचा वर्ग दाखवतात, पण आपल्या कामाचे वर्ग तिसरा, चौथा आणि पाचवा. तिथे कोण शिकवतं ते बघा.

आपल्यापैकी अनेकांनी चौथीची स्कॉलरशिप दिलेली असते. बुद्धिमत्ता चाचणीतल्या त्या आकृत्या, आरशातली प्रतिमा, गटात न बसणारं पद, हे सगळं इथल्या नॉन-व्हर्बल रीझनिंगमध्ये जसंच्या तसं भेटतं. त्यामुळे बाबालोक खूश होतात आणि गणित-आकृत्यांचा भडिमार सुरू होतो. पण बक्सच्या परीक्षेत निम्मं वजन भाषेच्या भागाला आहे. गणिताला पाव आणि आकृत्यांना पाव. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी आपली मुलं अडतात ती समानार्थी शब्दांवर आणि गाळलेल्या जागांवर. माझा मुलगा ‘फ्रूगल’ (काटकसरी) आणि ‘मायझर्ली’ (कंजूष) यांतला फरक सांगू शकला तो वर्षानुवर्षं लायब्ररीतून पिशवी भरभरून आणलेल्या गोष्टींमुळे. शेवटच्या सहा महिन्यांत शब्दांच्या याद्या पाठ करून ही भाषा अंगी मुरत नाही. म्हणून शाळा कुठलीही असो, तिथली लायब्ररी आधी बघावी आणि मुलं आठवड्याला किती पुस्तकं घरी नेतात ते विचारावं.

सरकारी प्रायमरी इलेव्हन प्लसची तयारी सहसा करून घेत नाहीत. त्यांचं लक्ष इयर सिक्सच्या मे महिन्यातल्या सॅट्स या सरकारी परीक्षांकडे असतं, आणि तोवर आपली परीक्षा होऊन निकालही लागलेला असतो. तयारी घरी किंवा ट्यूटरकडे करावी लागते, हे धरूनच चालायचं. चांगल्या प्रायव्हेट शाळेत व्हर्बल रीझनिंगचा (शब्द-भाषेच्या कोड्यांचा) तास टाइमटेबलमध्येच असतो, मॉक टेस्ट होतात, वर्गात पंधरा-वीस मुलं असतात. हा फरक खरा आहे, मी तो नाकारत नाही.

पण सगळ्या प्रायव्हेट शाळांना तुमचं मूल ग्रामरला जावं असं वाटत नाही! नवीन आलेल्यांना हे कुणी सांगत नाही. काही प्रेप शाळा, म्हणजे प्रायव्हेट प्रायमरी, अकराव्या वर्षी संपतात. मुलांना पुढे कुठेतरी पोचवणं हेच त्यांचं काम, म्हणून त्या जीव तोडून तयारी करून घेतात. काही प्रेप तेराव्या वर्षापर्यंत चालतात. मूल अकराव्या वर्षी निघून गेलं तर त्यांचं दोन वर्षांचं फीचं उत्पन्न जातं. आणि काहींची स्वतःची सीनियर शाळा असते, तिथे तर सगळा ओढा मुलाने पुढेही तिथेच राहावं याकडे. त्यात वाईट काही नाही, पण तिथे ग्रामरची तयारी पाहुण्यासारखी असते. एका शाळेत मी हेडना सरळ विचारलं, ‘गेल्या वर्षी इयर सिक्समधून ग्रामरला किती जणांनी परीक्षा दिली आणि किती गेले?’ उत्तर स्कॉलरशिप आणि नव्या थिएटरवर गेलं. मला जे समजायचं ते समजलं.

हॉलमधल्या सोनेरी अक्षरांच्या फलकांवर जाऊ नका. त्यावर निवडक नावं असतात. त्यापेक्षा विचारा की रिसेप्शनला आलेल्या मुलांपैकी इयर सिक्सपर्यंत किती टिकली, आणि इयर थ्रीला बाहेरून किती घेतली. सातव्या वर्षी परीक्षा घेऊन हुशार मुलं उचलणाऱ्या शाळेचा निकाल चांगला लागणारच; त्यात शिकवण्याचा वाटा किती ते वेगळं काढावं लागतं. अभ्यासात एखाद्या मध्यम मुलाची वही मागून बघा. निबंधाखाली नुसतं ‘गुड’ आणि स्टिकर आहे, की वाक्य कुठे ढिलं पडलं ते लिहिलंय? आणि शाळा सुटायच्या वेळी गेटपाशी उभ्या असलेल्या आयांना विचारा, शनिवारची ट्यूशन लावलीय का? निम्म्यांहून जास्त ‘हो’ म्हणाल्या, तर फी नेमकी कशाची देतोय याचा विचार करायला हवा.

फी आमच्या भागात टर्मला पाच-सहा हजार पौंड सहज असते, वर्षाला तीन टर्म. १ जानेवारी २०२५ पासून त्यावर २० टक्के व्हॅट लागतो. वर जेवण, बस, युनिफॉर्म, ट्रिपा. सात वर्षांचा हिशोब मांडा, आणि मग घराचा. कारण स्लाऊच्या परीक्षेत १११ आणि बक्सच्या परीक्षेत १२१ हा पात्रतेचा आकडा आहे; तो गाठला म्हणजे जागा मिळाली असं नव्हे. अर्ज जास्त आले की शाळेच्या प्राधान्यक्रमात घराचं अंतर किंवा कॅचमेंट (शाळेने ठरवलेला आसपासचा भाग) बऱ्याच ठिकाणी निर्णायक ठरतं. तेच पैसे चांगल्या सरकारी प्रायमरीच्या आणि ग्रामरच्या जवळ घर घेण्यात घातले तर अनेक कुटुंबांना ते जास्त उपयोगी पडतात, आणि मूल पास झालं नाही तरी घर राहतंच. ओळखीत एका जोडप्याने फीच्या ओझ्यापायी लांब, स्वस्त घर घेतलं. मुलगी १२१च्या वर गेली, पण घर लांब पडल्यामुळे जागा हुकली. त्या मुलीचं अजून वाईट वाटतं मला.

प्रायव्हेट शाळा घेतलीच, तर तारखा स्वतः सांभाळा. बकिंगहॅमशरच्या सरकारी प्रायमरीतल्या मुलांची बक्सच्या परीक्षेसाठी नोंदणी आपोआप होते. बाकीच्यांनी इयर फाइव्हच्या मे-जूनमध्ये ती झाल्याची खात्री करायची. निकाल ऑक्टोबरच्या मध्यात लागतो, आणि ३१ ऑक्टोबरच्या आत आपल्या काउन्सिलचा शाळांचा फॉर्म भरायचा असतो. मूल प्रायव्हेट शाळेत असलं तरी हा फॉर्म भरावाच लागतो. जागा कळते १ मार्चला. प्रायव्हेट शाळा सोडायची तर साधारण पूर्ण एका टर्मची नोटीस द्यावी लागते, नाहीतर त्या टर्मची फी बसते. जुलैत काढायचं तर समर टर्म सुरू व्हायच्या आत पत्र पोचायला हवं, म्हणजे १ मार्चनंतर हातात जेमतेम महिना-दीड महिना. करारात नोटिशीची नेमकी तारीख काय लिहिली आहे ते प्रवेश घेतानाच वाचून ठेवा.