रुपेरी ओठ, निळी पापणी आणि मुंबईचा घाम

गिरगावातल्या आमच्या जुन्या घराचा माळा आवरताना मावशीची 2001 सालची मेकअपची पेटी हाती लागली. तिच्यातल्या एका लिपस्टिकचे टोपण काढले, तर कांडीवर घामासारखे बारीक थेंब जमलेले होते आणि वास खवट शेंगतेलाचा येत होता. रंग मात्र शाबूत होता, फिकट गुलाबीवर चांदीचा वर्ख चढवावा तसा. पेटीच्या तळाशी तिच्या साखरपुड्याचा फोटो होता. पापण्यांवर आकाशी रंग, दोऱ्यासारख्या भुवया, तपकिरी रेघेने आखलेले ओठ, कपाळावर खड्यांची नागमोडी टिकली. हौस उदंड होती, पण चेहरा एका घरचा आणि मान दुसऱ्या घरची वाटत होती.

ही सारी फॅशन आता परत आली आहे आणि ती हुबेहूब उतरवायला गेलेल्या मुली नेमक्या तिथेच फसतात. त्या काळी आपल्याकडे फाउंडेशन त्वचेपेक्षा एकदोन छटा उजळ लावण्याची रीत होती. त्या उजळ थरावर पांढरट चमक चढली की गहू वर्ण राख फासल्यासारखा दिसे. म्हणून त्या काळातली चमक आणि धीटपणा खुशाल घ्यावा. खालचा थर मात्र आपल्या कातडीचाच ठेवावा. पुढचे सगळे या एका गोष्टीवर उभे आहे.

त्या धीटपणालाही कारण होते. 1991 नंतर परदेशी माल येऊ लागला, 1994 साली सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनी विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरीचे मुकुट आणले, आणि 2000 साली लारा दत्ता आणि प्रियांका चोप्रा यांनी तोच पराक्रम पुन्हा केला. 1952 साली टाटांनी सुरू केलेली लॅक्मे आपल्या घरांत आधीपासून होतीच. पण लिपस्टिक केवळ लग्नासमारंभापुरती न राहता कॉलेजच्या पिशवीत शिरली ती याच वर्षांत.

फाउंडेशनची छटा मनगटावर पाहू नये. जबड्यापासून मानेपर्यंत एक पट्टा ओढावा, दुकानातल्या पिवळ्या दिव्याखालून बाहेर उजेडात यावे आणि दहा मिनिटे थांबावे, कारण काही फाउंडेशने हवा लागल्यावर गडद होतात. पट्टा शोधूनही सापडेनासा झाला की छटा जमली. फाउंडेशन जिथे डाग असतील तिथेच पातळ लावावे. चमकदार रंगाखाली जाड थर दिला की दुपारपर्यंत त्याला भेगा पडतात.

आता ओठ, कारण या साऱ्या प्रकाराचा जीव ओठांत आहे. रुपेरी चमक येते ती अभ्रकाच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिल्याने. हा लेप पातळ असेल तर चमक चांदीसारखी दिसते आणि जाड होत गेला की सोनेरी, मग तांबूस, मग निळसर. त्याच अभ्रकावर लोहाच्या ऑक्साइडचा लेप दिला की तांब्याची किंवा कांस्याची झाक मिळते, आणि सावळ्या रंगाला हीच चमक खुलते. खोक्यावरच्या घटकांच्या यादीत रंगद्रव्यांना सीआय क्रमांक दिलेले असतात. सीआय 77891 म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड आणि सीआय 77491 म्हणजे लोहाचा तांबडा ऑक्साइड. मात्र एकाच यादीत सगळ्या छटांचे क्रमांक छापण्याची पद्धत असल्याने शेवटचा निवाडा डोळ्यांनीच करावा. छटा बोटाच्या टोकावर लावून पाहावी, कारण तिथली कातडी हाताच्या पाठीपेक्षा ओठांच्या रंगाला जवळची असते. गव्हाळ रंगाला गुलाबी सोनेरी किंवा पीचकडे झुकणारी, सावळ्या रंगाला तांबूस, कांस्य किंवा वाइनची चमक घ्यावी. बर्फासारखी फिकट गुलाबीच हवी असेल, तर तीही चालते. फक्त तिच्याखाली तपकिरी पाया द्यावा लागतो, तो असा.

ओठांना मलम लावून पाच मिनिटांनी टिपून घ्यावे. तपकिरी लिप लायनरला टोक काढून ते टोक हाताच्या पाठीवर एकदोनदा फिरवून थोडे बोथट करावे, नाहीतर रेघ ओरखड्यासारखी उमटते. वरच्या ओठाच्या मधल्या खाचेवर आधी फुली काढावी, मग खालच्या ओठाच्या मध्यावर छोटी आडवी रेघ द्यावी आणि दोन्ही कोपऱ्यांकडून या खुणांकडे यावे. मावशीच्या फोटोत रेघ आणि लिपस्टिक यांच्यामध्ये सीमा आखल्यासारखी दिसते. ती बाहेरच्या कडेला ठेवायची, कारण तोच त्या काळाचा शिक्का आहे. आतल्या बाजूला मात्र तीच पेन्सिल आडवी धरून ओठाचा बाहेरचा तिसरा हिस्सा रंगवावा आणि करंगळीने आत ओढून विरघळवावा. रुपेरी लिपस्टिक ओठांच्या मध्यभागीच बोटाने दाबून लावावी, टिश्यूने एकदा टिपावी आणि पुन्हा एक हलका थर द्यावा. ग्लॉस फक्त खालच्या ओठाच्या मधोमध, मोहरीएवढा. तो पूर्ण ओठांवर थापला की मोकळे केस वाऱ्याने येऊन चिकटतात, हे लोकलच्या दारात उभी राहणारी कोणीही सांगेल.

डोळ्यांचा रंग खरे तर फाउंडेशनच्या आधी उरकावा, म्हणजे गालावर पडलेली निळी भुकटी पुसता येते. आकाशी आयशॅडो सावळ्या पापणीवर थेट लावली की ती खडूसारखी उमटते. तिच्याखाली गडद निळ्या पेन्सिलचा किंवा काजळाचा पातळ थर पापणीच्या घडीपर्यंत पसरावा आणि तो ओलसर असतानाच वरून निळी भुकटी बोटाने दाबावी, घासू नये. अशाने तोच निळा रंग मोरपिसासारखा उठून दिसतो. घडीच्या वर मॅट तपकिरी रंगाने कड विरवावी. मूळ फॅशनमध्ये निळा रंग थेट भुवईपर्यंत जात असे. तो मोह आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खालच्या पापणीच्या आत काळे काजळ पुरेसे आहे. आणि डोळे निळे केले त्या दिवशी ओठ तपकिरीवरच थांबवून रुपेरी थर अगदी पुसट ठेवावा.

भुवयांबाबत मात्र हट्ट करू नये. पार्लरमध्ये जाऊन दोऱ्याने त्या बारीक करून घेणे हे पाच मिनिटांचे काम आहे. पण वर्षानुवर्षे उपटल्याने मुळे दुखावतात आणि काही केस परत येतच नाहीत. मावशी आजही रोज सकाळी पेन्सिलने भुवया काढते. एका संध्याकाळपुरता तो आकार हवा असेल, तर केस वरच्या दिशेने विंचरून जेलने बसवावेत, खालच्या कडेवर कन्सीलरची, म्हणजे डाग झाकायच्या जाडसर क्रीमची, बारीक रेघ द्यावी आणि शेपूट पेन्सिलने लांबवावी.

चमकी लावायची तर स्टेशनरीच्या दुकानातली कदापि नको. ती बहुधा धातूचा लेप दिलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याची कात्रणे असते आणि तिच्या कडेने बुबुळावर ओरखडा उठू शकतो. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकली जाणारी, जेलमध्ये घोळलेली चमकी गळ्याच्या हाडावर आणि पापणीच्या मध्यावर टेकवावी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी पापणी वगळावी. युरोपीय संघाने ऑक्टोबर 2023 पासून प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले आहेत, तेव्हा खरेदी करतानाच प्लॅस्टिकऐवजी सेल्युलोजची, म्हणजे वनस्पतींच्या तंतूंपासून केलेली, चमकी मिळते का ते विचारावे.

खरेदीसाठी क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांसारखी दुसरी जागा नाही. फक्त स्वस्ताच्या भरात खोके न वाचता घेऊ नये. त्यावर बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक असायला हवा, आयात मालावर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक. टोपण उघडलेल्या डबीच्या चित्रात 12एम लिहिलेले असेल, तर ती वस्तू उघडल्यापासून 12 महिनेच वापरायची असते. मावशीची लिपस्टिक म्हणूनच ओठांना न लावता मी ती डबीसकट दुकानात नेली आणि तिच्या शेजारी नव्या छटा धरून पाहिल्या. हाच मार्ग तुमच्याही घरच्या जुन्या पेटीसाठी योग्य आहे.

हे सगळे टिकवायचे आहे मुंबईत, जिथे जूनमध्ये पुसलेला आरसासुद्धा घामेजतो. पावडर फक्त नाकाच्या दोन बाजूंना आणि कपाळाच्या मध्यावर दाबावी. गालावर टाकली की चमकेचा सगळा डौल मरतो. घाम आला तर रुमालाने पुसू नये, टिश्यू दुमडून नुसता टेकवावा. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये महिलांच्या डब्यात ओठ रंगवणे सहज जमते, कारण स्टेशनवर गाडी थांबते तेवढ्यात एक बाजू होते. पेन्सिलचे टोक डोळ्याजवळ नेण्याचे धाडस मात्र तिथे करू नये. गाडी रूळ बदलते तेव्हा सांगून बदलत नाही.

रात्री उतरवताना आधी खोबरेल तेल किंवा क्लेन्झिंग बाम कोरड्या हातांनी लावावा, निळा रंग वितळून राखाडी झाला की ओल्या कापसाने पापणीवरून खाली ओढत काढावा, आणि मगच फेसवॉशने धुवावे. चमकी पाण्याने धुतली तर ती गळ्यापासून छातीपर्यंत पसरते. ती तेलानेच निघते, आणि उरलीसुरली सेलोटेपचा तुकडा हलकेच टेकवून उचलता येते. तरीही दोनतीन कण उशीच्या अभ्र्यावर सापडतातच. माझ्या नवऱ्याच्या कानाच्या पाळीवर एक सापडला, आणि तोही त्याच्या ऑफिसातल्या मंडळींना.