कडक उन्हाळ्यात परफॉर्मन्स कारचे ट्यूनिंग कसे तपासावे आणि सुधारावे

थंडीच्या दिवसांत डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) बसवलेले ट्यूनिंग उन्हाळ्यात तसेच्या तसे चालेल असे गृहीत धरले, की गाडी आधी सुस्त वाटू लागते आणि पुढे पूर्ण थ्रॉटलवर इंजिनातून खडखड ऐकू येते. अशा वेळी बहुतेकांचा हात प्रथम इंधनाच्या टेबलाकडे, म्हणजे किती इंधन द्यायचे ते ठरवणाऱ्या ईसीयूतील (इंजिन चालवणाऱ्या संगणकातील) तक्त्याकडे जातो. वास्तविक इंधनाचा क्रम शेवटचा आहे. आधी इंजिनात जाणारी हवा शक्य तितकी थंड राखावी, मग तापमानाचा सेन्सर खरे सांगतो आहे की नाही ते पाहावे, त्यानंतर इग्निशन टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) आवरावे आणि एवढे करूनही गरज उरली, तरच मिश्रणाला हात लावावा.

उष्णतेने नेमके काय बदलते

समुद्रसपाटीच्या दाबाला १५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर कोरड्या हवेचे वस्तुमान सुमारे १.२२५ किलो असते; ४० अंशांना ते १.१२७ किलोपर्यंत उतरते. म्हणजे सिलिंडर तेवढाच भरला तरी त्यात सुमारे ८ टक्के हवा कमी जाते. हवा दमट असेल तर आणखी भर पडते, कारण ४० अंश तापमान आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना हवेच्या घनफळाचा साडेतीन टक्क्यांहून थोडा अधिक भाग निव्वळ बाष्पाने अडवलेला असतो. नॅचरली ॲस्पिरेटेड (टर्बो नसलेल्या) इंजिनात ही घट ट्यूनिंग करून भरून काढता येत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. कमी झालेली ताकद इंजिनाला इजा करत नाही.

इजा करते ते नॉकिंग. ज्योत सिलिंडरच्या कडेपर्यंत पोहोचण्याआधीच तिथले दाबले गेलेले मिश्रण आपसूक पेटते, आणि आत येणारी हवा जितकी तापलेली तितका हा धोका वाढतो. हवा दाबून आत ढकलणारा टर्बो असलेल्या गाड्यांत तो अधिकच असतो. ७० टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर हवा वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत दाबत असेल, तर १५ अंशांची हवा सुमारे १०५ अंशांना बाहेर पडते आणि ४० अंशांची हवा सुमारे १३८ अंशांना. बाहेरचा २५ अंशांचा फरक इंटरकूलरपाशी (दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीपाशी) येईपर्यंत ३३ अंशांचा झालेला असतो.

आपली गाडी हवा कशी मोजते ते आधी ओळखावे

कार्ब्युरेटर हवेचे वस्तुमान मोजत नाही. हवा विरळ झाली तरी जेटमधून येणारे इंधन त्या प्रमाणात घटत नाही, त्यामुळे मिश्रण रिच होते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने इंधन जास्त होते. घनता ८ टक्क्यांनी उतरली तर मिश्रण साधारण ४ टक्क्यांनी रिच होते, म्हणजे हवा आणि इंधनाचे १२.५ चे गुणोत्तर १२ च्या आसपास येते. अशा गाडीत प्लग काळे पडू लागले तर मेन जेट एका मापाने लहान करणे हा सरळ उपाय आहे. मात्र गरम इंजिन बंद करून पुन्हा सुरू करताना ते अडखळत असेल, तर जेट बदलून काही साधत नाही. तेव्हा फ्लोट बोलमध्ये किंवा पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होत असते आणि उपाय म्हणजे इंधनाची लाइन एक्झॉस्टपासून दूर नेणे व कार्ब्युरेटरखाली उष्णतारोधक स्पेसर बसवणे.

मास एअरफ्लो सेन्सर असलेली गाडी हवेचे वस्तुमानच मोजते, म्हणून तिचे मिश्रण उन्हातही बरेचसे जागेवर राहते. तिथे गोम निराळीच असते. टायमिंगचे टेबल लोडवर (सिलिंडरमध्ये किती हवा भरते त्यावर) आधारलेले असेल, तर विरळ हवेमुळे लोड कमी दिसतो आणि ईसीयू टेबलातील कमी लोडचा, म्हणजे जास्त ॲडव्हान्सचा रकाना उचलतो. नॉकिंगची शक्यता वाढलेली असतानाच स्पार्क अधिक लवकर पडतो. हवेच्या तापमानानुसार टायमिंग मागे घेणारे स्वतंत्र टेबल नीट भरलेले नसेल, तर हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरा प्रकार मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधील) दाब आणि हवेचे तापमान यांवरून इंधनाचा हिशेब करणाऱ्या गाड्यांचा. यांचे सारे गणित तापमानाच्या सेन्सरवर उभे असते आणि उन्हाळ्यात तोच फसवतो.

काम कोणत्या क्रमाने करावे

प्रथम लॅपटॉप बाजूला ठेवावा. एअर फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढत असेल तर बाहेरची हवा आणणारा बंदिस्त डक्ट बसवावा. इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या जाळीत अडकलेला कचरा व किडे साफ करावेत, त्यांच्या कडांच्या फटी बुजवाव्यात म्हणजे हवा बाजूने निसटणार नाही, आणि कूलंट व रेडिएटर कॅप तपासावी. ही कामे कंटाळवाणी आहेत खरी, पण यातून मिळणारा लाभ कोणत्याही मॅपमधून मिळत नाही.

मग दुपारच्या उन्हात डेटा लॉग करावा. इनटेक हवेचे तापमान, कूलंटचे तापमान, एक्झॉस्टमधल्या वाइडबँड सेन्सरवरील लॅम्डा (मिश्रणातील हवेचे प्रमाण; १ म्हणजे आदर्श, त्याहून कमी म्हणजे रिच), टायमिंग, नॉक सेन्सरमुळे मागे घेतलेले टायमिंगचे अंश, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आणि इंधनाचा दाब एवढे आकडे तरी हवेत. त्यासाठी बंदिस्त ट्रॅक किंवा डायनो वापरावा. सार्वजनिक रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलची चाचणी करू नये. डायनोवरच्या करेक्शन फॅक्टरने उन्हातला आकडा फुगवून दाखवला तरी त्यावर विसंबू नये, विशेषतः टर्बो इंजिनात, कारण सुधारित आकडा इंजिनाच्या आत काय चालले आहे ते सांगत नाही.

आता सेन्सर. ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमध्ये बसवलेला सेन्सर मॅनिफोल्डच्या उष्णतेने तापतो आणि हवेऐवजी धातूचे तापमान सांगू लागतो. समजा आत येणारी हवा ४५ अंशांची आहे आणि सेन्सर ७० अंश दाखवतो आहे. ईसीयू हवा अधिक विरळ आहे असे समजून सुमारे ७ टक्के इंधन कमी देतो, आणि ०.८५ लॅम्डावर बेतलेले मिश्रण ०.९२ च्या घरात जाते. टर्बो इंजिनासाठी, तेही उन्हात, हे फार लीन (इंधन कमी असलेले) आहे. येथे इंधनाचे टेबल वाढवले तर सकाळी सेन्सर गार असताना तीच गाडी अति रिच चालेल. त्यापेक्षा प्लॅस्टिक आवरणाचा, लवकर प्रतिसाद देणारा सेन्सर इंटरकूलरनंतरच्या पाइपमध्ये हलवावा. ईसीयूमध्ये हवेच्या प्रवाहानुसार कूलंट आणि इनटेक यांच्या तापमानांचा मेळ घालणारे टेबल असेल तर तेही जुळवून घ्यावे.

सेन्सरवर भरवसा बसला, की टायमिंग. इनटेक हवेचे तापमान ४० ते ४५ अंशांच्या पुढे गेले की दर १० अंश तापमानाला टायमिंग १ ते २ अंश रिटार्ड, म्हणजे मागे, हा आरंभ करण्यापुरता अंदाज आहे; अंतिम आकडा त्या इंजिनाचा नॉक लॉगच ठरवतो. ते नॉक सेन्सरवर सोपवून निर्धास्त राहणे मला पटत नाही, कारण सेन्सर नॉकिंग झाल्यानंतरच जागा होतो. टर्बो गाडीत ठरावीक तापमानानंतर बूस्ट थोडा उतरवण्याची सोयही अवश्य करावी. ईसीयू बूस्टऐवजी टॉर्कचे लक्ष्य गाठत असेल तर याची गरज दुप्पट होते, कारण विरळ हवेची भरपाई करण्यासाठी टर्बो अधिक वेगाने फिरतो आणि हवा आणखी तापते.

उरले मिश्रण. पूर्ण लोडवर नॅचरली ॲस्पिरेटेड इंजिनासाठी लॅम्डा ०.८६ ते ०.८८ आणि टर्बोसाठी ०.७८ ते ०.८२ हा सर्वसाधारण पल्ला आहे. जादा इंधनाच्या बाष्पीभवनाने मिश्रण थोडे गार होते हे खरे, परंतु नॉकिंगच्या भीतीने ०.७५ च्या खाली जात राहणे चुकीचे आहे. तिथे ताकद घटते, प्लग काजळतात आणि सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुतले जाते. त्याऐवजी अधिक ऑक्टेनचे इंधन वापरावे. इथेनॉलचे प्रमाण अधिक असलेले इंधन बदली म्हणून घालताना त्याचे हवा-इंधनाचे आदर्श गुणोत्तर पेट्रोलच्या १४.७ पेक्षा कमी असते, म्हणजे इंधन जास्त लागते, तेव्हा इंजेक्टर आणि पंप यांची क्षमता पुरते आहे ना ते आधी पाहावे.

शेवटची चाचणी उभ्या गाडीची आहे. गाडी चांगली तापवून बंद करावी, बॉनेट न उघडता पंधरा मिनिटे उन्हात ठेवावी आणि पुन्हा सुरू करून पहिल्या दोन मिनिटांचा लॉग घ्यावा. लॅम्डा ठरवलेल्या आकड्यापासून ३ टक्क्यांहून अधिक लीनकडे सरकत असेल, तर सेन्सरची जागा किंवा तापमानांचा मेळ घालणारे टेबल अजून जुळलेले नाही, आणि काम तिथूनच पुन्हा हाती घ्यावे.