बादलीतला गाळ आणि वायनरीचं धुवण: जिवाणूंचा विद्युतघट

जिओबॅक्टरसारखे जिवाणू हवा नसलेल्या गाळात सेंद्रिय पदार्थ खातात आणि सुटणारे इलेक्ट्रॉन गाळातल्या लोहाला देतात. तिथे कार्बन ठेवला तर त्यालाही देतात. घट चालतो तो यावरच.

१० लिटरची प्लॅस्टिकची बादली घ्या. हातमोजे घालून सांडपाण्याच्या नाल्यातला किंवा जुन्या शेततळ्यातला काळा गाळ आणा. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या कारखान्यांलगतचा गाळ नको. त्यात जड धातू असतील तर जिवाणू तग धरत नाहीत. गाळाचा थर १२ सेंटिमीटर हवा, वर ८ सेंटिमीटर पाणी.

१० × १० सेंटिमीटरचे कार्बन फेल्टचे (कार्बनच्या तंतूंच्या जाड कापडाचे) दोन तुकडे अर्धा तास गरम पाण्यात भिजवून पिळा. कोरडं फेल्ट हवा धरून ठेवतं आणि गाळातून वर येतं. एक तुकडा तळापासून ४ सेंटिमीटरवर गाळात पुरा, हा अॅनोड, जिवाणूंकडून इलेक्ट्रॉन घेणारं टोक. दुसरा थर्माकोलच्या आधाराने पाण्यावर तरंगू द्या, वरची बाजू हवेला उघडी. हा कॅथोड, तारेतून आलेले इलेक्ट्रॉन इथे प्राणवायूला मिळतात.

सगळ्यात जास्त घोटाळा तारेत होतो. तांब्याची तार गंजते, मीटरवर दिसतो तो त्या गंजण्याचा व्होल्टेज, आणि सुटणारं तांबं जिवाणूंना मारतं. स्टेनलेसची तार फेल्टमध्ये पाच-सहा टाके घालून ओवा आणि सगळे जोड बादलीबाहेर ठेवा.

दोन्ही तारांमध्ये १००० ओहमचा रेझिस्टर पहिल्या दिवसापासून जोडलेलाच ठेवा. परिपथ उघडा राहिला तर इलेक्ट्रॉन द्यायला जागा उरत नाही आणि मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव वरचढ होतात. व्होल्टेजही रेझिस्टर जोडलेला असतानाच मोजा. नुसत्या मोकळ्या घटाचा आकडा फसवा असतो. साधारण दोन-तीन आठवड्यांत ०.३ व्होल्ट मिळाले तर घट लागला म्हणायचा.

जानेवारी ते मार्चमध्ये द्राक्षं गाळण्याच्या हंगामात जिवाणूंना खाद्य म्हणून वायनरीचं (वाइन कारखान्याचं) धुवण मिळतं. ते आंबट असतं. टाक्या कॉस्टिक सोड्याने धुतल्या असतील तर उलट, अतिक्षारीय. पीएच पट्टीने तपासा, आंबट असेल तर खाण्याच्या सोड्याने ७ वर आणा आणि कॉस्टिकचं धुवण घेऊच नका. दर चार दिवसांनी १०० मिलिलिटर, नळीने थेट गाळात. वरून ओतलं तर पाणी सडतं, कॅथोडचा प्राणवायू संपतो आणि व्होल्टेज कोसळतो. तसं झालंच तर खाद्य आठवडाभर बंद करा, वरचं पाणी बदला आणि कॅथोडवरचा बुळबुळीत थर धुऊन काढा.

निफाडच्या थंडीत जिवाणू मंदावतात, म्हणून बादली घरात घ्या. बादली घट्ट झाकू नका. वायू बाहेर पडायला हवा.

०.३ व्होल्ट आणि १००० ओहम म्हणजे ०.०९ मिलिवॉट, दिवसाला सुमारे ७.८ ज्यूल. ९ वॉटचा बल्ब यावर एक सेकंदही चालणार नाही. पण ०.३ व्होल्टच्या आतच सुरू होणारा बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवणारं छोटं सर्किट) रेझिस्टरच्या जागी लावून सुपरकपॅसिटर (वीज साठवणारा घटक) भरला, तर लाल एलईडी रोज काही मिनिटं लागते. जास्त व्होल्टेजसाठी बादल्या एकामागोमाग जोडायचा मोह टाळा: कमजोर बादलीचे ध्रुव उलटतात आणि तिच्यातले जिवाणू बिघडतात.